मधोमध एक काळा ठिपका

मोतीबिंदूचं ऑपरेशन चांगलं झालं, असं डॉक्टर म्हणाले होते. पण पट्टी निघाल्यापासून माझ्या उजव्या डोळ्यासमोर मधोमध एक काळा ठिपका होता. सुनेकडे पाहिलं की तिचे केस दिसत, कानातले दिसत, चेहरा मात्र नाही. "सूज असेल आई, उतरेल," ती म्हणायची. मुलाची चाकणला शिफ्ट. त्याला आणखी काळजी नको म्हणून गप्प राहिले. दवाखान्यातही मान तिरकी करून ठिपक्याच्या कडेने अक्षरं वाचली. नको ते ऐकायला मिळेल, ही धास्ती. त्यात डाव्या डोळ्याचं ऑपरेशन आठवड्यावर आलेलं. तोही असाच झाला तर? नामस्मरणाला बसले तरी मन त्या ठिपक्याभोवतीच फिरायचं.

शेवटी एकटीच बस धरून आळंदीला गेले. समाधीसमोर डावा डोळा झाकून पाहिलं. कडेची फुलं दिसली, मध्ये काळोख. मला रडूच कोसळलं. मागच्या एका म्हाताऱ्या बाईंनी दंडाला धरून मला बाजूला बसवलं. घरी न सांगितलेलं सगळं मी त्यांना सांगून टाकलं.

"डॉक्टरला सांगितलंस का ह्ये?"

"नाही. भीती वाटते."

"आगं बाय, माउली ऐकतीच हाय. पर डॉक्टरला सांगितल्याबिगर कसं कळंल? आजच जा."

तिथूनच मुलाला फोन केला. तो शिफ्ट अर्धी टाकून आला. डॉक्टरांनी डोळ्याच्या पडद्याचा स्कॅन काढला. मग म्हणाले, "मोतीबिंदू कडक होता, ऑपरेशन लांबलं. मायक्रोस्कोपच्या प्रकाशाने पडद्याला इजा झालीय. बहुतेकदा हळूहळू भरून येते, पण खात्री देता येत नाही. पुढच्या ऑपरेशनआधी सांगितलंत ते बरं झालं. दुसरा डोळा थांबून करू, प्रकाशही कमी ठेवू."

काही महिने वाट पाहण्यात गेले. पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर झोपले, तो दिवा डोळ्यावर आला आणि मी मुठी आवळून घेतल्या. नामही ओठावर येईना. मग मी धडपड सोडली. मनात एवढंच म्हटलं, माउली, आता तूच बघ. आवळलेल्या मुठी कधी सैल झाल्या, कळलं नाही.

पट्टी काढली तेव्हा मुलगा समोर उभा होता. वाढलेली दाढी, लाल झालेले डोळे, सगळा चेहरा अख्खा दिसला.

उजव्या डोळ्यातला ठिपका आता पुसट झालाय, गेलेला नाही. जाईल की नाही, ठाऊक नाही. त्या बाईंचं नावही मी विचारलं नव्हतं. संध्याकाळी हात जोडते तेव्हा हल्ली काही मागावंसं वाटत नाही. समोर जे दिसतं तेच बघत राहते.