कपावरची जागा

नव्या मराठी माणसाचं आडनाव, म्हणजेच जात, कळेपर्यंत तुम्हाला चैन का पडत नाही?

अमेरिकेतल्या कॅरी गावात आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीत काउंटरवर एक मावशी असतात. मार्करचं टोपण दातांनी काढतात, कपावर गिऱ्हाइकाचं नाव लिहितात आणि गोऱ्यांनाही बिनधास्त "बस, बाळा" म्हणतात. मी इथे शिकायला आलो तेव्हा पहिल्या भेटीत त्यांनी मला एकच विचारलं होतं, "जेवलास का?"

एका सकाळी मी खोली भाड्याने देणाऱ्या एका मराठी काकांना तिथे भेटलो. सगळं ठरल्यावर काका म्हणाले, "बरं, आडनाव नाही सांगितलंस?"

मावशींनी काउंटरवरूनच सुनावलं, "आमच्या कपावर नावापुरतीच जागा असते हो. कॉफी प्या, गार होतेय."

काका हसले, पण उत्तराची वाट बघत राहिले. मी आडनाव सांगितलं. संध्याकाळी मेसेज आला, "खोलीचं कॅन्सल केलंय, सॉरी."

दुसऱ्या दिवशी मी हे मावशींना सांगितलं. त्यांनी मार्करचं टोपण दातांनी काढलं आणि तेवढ्याच कपावर, बारीक अक्षरांत, माझं पूर्ण नाव बसवलं. मग भरल्या बेकरीत, आडनावावर जोर देऊन, खणखणीत हाक मारली. लोकांनी वळून पाहिलं. मी ताठ मानेने कप घ्यायला गेलो. ते आडनाव इतक्या मोठ्याने मी स्वतःही कधी उच्चारलं नव्हतं.

यंदा तुमच्याही गावात शिकायला नवी मुलं येतील. त्यांना आडनाव विचारू नका. जेवलात का, एवढं विचारा.