मोरीजवळचं ताट

आमच्या आत्याला किळस फार. उघड्यावरची मिठाई तर सोडाच, पण खोटं बोलणारा माणूस समोर आला तरी नासकं दूध हुंगल्यासारखं तोंड करायची. जन्म काचीगुड्यात गेलेला, त्यामुळे फारच चिडली की तिची मराठी संपायची आणि दखनी सुरू व्हायची. "गलीज लोगां," एवढंच म्हणायची.

कॉलेजसाठी मी काकांकडे राहायला आलो तेव्हा त्यांच्या या बिनलग्नाच्या बहिणीवरच घर चाललं होतं. सकाळी तिची बोटं इतकी आखडलेली असायची की पातेलं उचलवायचं नाही. एक्स-रे चांगला, रक्त चांगलं, म्हणून काकूंनीच निदान करून टाकलं, कामाचा कंटाळा. मला काकूंचा वीट यायला तिथून सुरुवात झाली.

उदारीकरणाच्या त्या वर्षांत कोठी भागातल्या दवाखान्यांत नवनवी यंत्रं येत होती. तिथल्या डॉक्टरांनी आत्याला स्कॅनला पाठवलं, मी सोबत गेलो. शिरेतून थोडं किरणोत्सर्गी औषध दिलं, काही तास बसवून ठेवलं, मग यंत्राखाली झोपवलं. सांध्यात जिथे दाह असेल तिथे ते औषध जास्त साचतं म्हणे. फिल्मवर तिची मनगटं आणि बोटांची पेरं काळीकुट्ट उमटली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, हातांना विश्रांती द्या म्हणाले, आणि आजचा दिवस तान्ह्या बाळाला घेऊ नका, असंही सांगितलं.

"बघ, सोंग नव्हतं माझं," आत्या म्हणाली. रोग निघाल्याचा इतका आनंद मी कुणाला झालेला पाहिला नाही.

घरात काकूंचा तान्हा नातू होता. त्यांनी डॉक्टरांचं तेवढंच वाक्य उचललं आणि एका दिवसाचं कायमचं केलं. आत्याचं ताट-भांडं मोरीजवळ गेलं. औषध केव्हाच उतरलंय, असं मी सांगितलं, तर काका म्हणाले, एहतियात बरी, जपलेलं चांगलं. विश्रांतीचं मात्र कुणी नाव काढलं नाही. तिच्याच सुजल्या हातांनी लाटलेल्या पोळ्या सगळे तूप लावून चापत होते. त्या जेवणाची मला आजही शिसारी येते.

एका सकाळी आत्यानं गॅस पेटवलाच नाही.

"दादा, माझं ताट मोरीपाशी, आणि माझ्या हातची पोळी तुमच्या ताटात? नक्को आता."

बरकतपुऱ्यात मैत्रिणीकडे ती खोली घेऊन राहिली. गोळ्यांनी बोटं सैलावली, तब्येत सुधारली. पुष्कळ वर्षांनी तिथेच गेली.

तेराव्याला काका पाहुण्यांना सांगत होते, स्कॅनपासून शेवटपर्यंत तिचं सगळं आम्हीच केलं. काकू वाढायला आल्या. मी ताटावरून उठलो.