हिट द डेक!

राजूरजवळच्या गिट्टीखदानीत मी हजेरी-कारकून होतो. साठ सालानंतरची चार वर्षं. गिट्टीचा ढीग ट्रक भरला की कमी व्हायचा, किस्स्यांचा मात्र वाढतच गेला!

आमचे ओव्हरसियर कुलकर्णी आरमारातून निवृत्त झालेले. पहिल्याच दिवशी सुरुंगाला बत्ती लागली. त्यांनी शिट्टी फुंकली आणि ओरडले, "हिट द डेक!" आम्ही बघतच राहिलो. मग साहेबांनी स्वतःच धाडकन मातीत अंग टाकलं. अर्थ लगेच कळला!

चहाच्या वेळी त्यांनी उगम सांगितला. डेक म्हणजे जहाजाची फळ्यांची जमीन. लढाईत तोफ सुटली की खलाशी तिच्यावर पालथे पडत. गिट्टी फोडणाऱ्या गंगूबाईनं सगळं ऐकून घेतलं. "अन् लुगडं सावरत पालथं कसं पडाचं जी? थे नाही शिकवलं वाटते!"

पुढे पुढे शिट्टी ऐकली की अंग आपोआप खाली जायचं. वणीला आमच्यातल्याच एकाच्या लग्नात बँडमास्तरनं शिट्टी फुंकली आणि निम्मी वरात रस्त्यावर पालथी! नवरीचा बाप धावत आला. "उठा जी! एवढा मान कायले?"

आता आमच्यातल्या गिट्टी फोडणाऱ्या संपतचं. सुरुंगाचं काम त्याच्याइतकं कोणालाच येत नव्हतं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून तो कोणाच्या पाया पडत नसे. दसऱ्याला सगळे मालकापुढे वाकत, हा उभ्यानं हात जोडी.

सुरुंगवाल्याची जागा रिकामी झाली तेव्हा मालक म्हणाला, "पाया पड, जागा तुही."

"हात जोडतो, मालक. पाया नाही पडत."

"मंग फोड गिट्टी!"

तीन लेकरांचा बाप. जागा नव्या माणसाला गेली. खरं सांगतो, मला संपतचाच राग आला. जरा वाकायला काय जात होतं!

महिन्याभरानं मालक खदान बघायला आला. पांढरंशुभ्र धोतर, हातात छत्री. नव्या माणसाचा अंदाज चुकला, बत्ती लवकर पोचली. शिट्टी झाली तसा संपत आडवा झाला. मालक त्याच्यामागे उभाच!

"हिट द डेक!" कुलकर्णी किंचाळले.

छत्री एकीकडे, मालक एकीकडे. दगड डोक्यावरून गेले.

धूळ बसली. मालकाचं कपाळ संपतच्या टाचांना टेकलेलं होतं आणि दोन्ही हातांनी त्यानं संपतचे घोटे घट्ट धरले होते. सगळी खदान बघत होती.

संपतनं हळूच पाय सोडवून घेतले. उठून उभा राहिला आणि हात जोडले.

"उठा, मालक. आमच्यात पाया नाही पडत."