चिंधीबाईचं वाडगं

मडकं मी धरलं होतं, लगदा ती थापत होती. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम ते. "हलू नका, खोडावानी बसा," म्हणाली. बसलो. तिच्यापुढं जन्मभर तसाच बसलो. हात धुता धुता म्हणाली, "वाजल्याबगर काढायचं न्हाई." दिवेलागणीला छाती धरून बसली, ती उठलीच नाही.

माझ्या बायकोला सगळं सोनई गाव चिंधीबाई म्हणायचं. कुणाचं जुनेर फाटलं की ते आमच्या दारात. चिंध्या रांजणात कुजवायच्या, अंबाडीच्या सालीचा वाख घालून उखळात कांडायच्या आणि लगदा राख लावलेल्या पालथ्या मडक्यावर थापायचा. वाळला की टिचकी. ढब वाजलं तर ओलं, टण वाजलं तर सुटतं. मला म्हणायची, "लग्नात तुमी ढब वाजला हुता. आता जरा वाळलाय."

पहिल्या वाडग्याला तिनं ज्वारीच्या पिठाची खळ घातली. झकास झालं. सकाळी बघतो तर गाईनं खाल्लं, काठासकट. माझी आई ओरडली, "भांडी करतीस का वैरण?" गाव हसलं. हीही हसली, आणि त्या दिवसापासून लगद्यात मेथ्या वाटून घालायला लागली. "आता खा म्हनावं!"

लढाईच्या सालात माझ्या बहिणीचं लग्न ठरलं. बेलापूरचं स्थळ. पितळ सगळं लढाईकडं गेलेलं, कुठं मिळेना. भांड्यांवाचून रुखवत मांडलं असतं तर पोरीला सासरी जन्मभर ऐकावं लागलं असतं. हिनं वाडगी केली, परड्या केल्या, एक उंच फुलदाणी केली. गेरू-चुन्यानं रंगवून मांडवात मांडली. इहीणबाईंनी नाकाला पदर लावला. "चिंध्या मांडल्या व्हय? तुमची भांडी गाय खाती म्हनं!"

बहीण मुंडावळ्यांआड रडायला लागली. ही मोठं वाडगं उचलून सरळ वऱ्हाडाच्या गाड्यांकडं गेली. "माझं नगा ऐकू. तुमच्याच बैलाला इचारू." वाडगं बैलाच्या तोंडाखाली धरलं. बैलानं हुंगलं, चाटलं आणि असं फुरफुरून तोंड फिरवलं, की वऱ्हाडच खदखदून हसलं. मग हिनं वाडगं पालथं घातलं, काष्टा आवळला आणि वर उभी राहिली. "या इहीनबाई, दोघींनाबी पेलतंय!"

इहीणबाई काही चढल्या नाहीत. पण जाताना फुलदाणी स्वतःच्या मांडीवर घेऊन गाडीत बसल्या, सुनेच्या हाती दिली नाही. पुढच्या बाजाराला बेलापूरहून जुनेरांचं बोचकं आलं. सोबत निरोप, "मेथ्या जरा जास्ती घाला, आमच्यात उंदीर लई." बहिणीला कुणी कधी बोललं नाही.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं दारात बसायला आली. मी उठून परसात गेलो. टिचकी मारली. ढब. कुणीतरी म्हणालं, "ऱ्हाऊ द्या बाबा आता ते." मी मडकं दोन्ही हातांनी उचललं, उन्हात नेऊन ठेवलं आणि शेजारी बसलो.

गाय आली. वाडगं हुंगलं. तोंड फिरवून निघून गेली.