किसनरावांचे बैल आणि आमची जिलेबी

सेलूत त्या काळी नोकरी नसलेला सगळ्यात व्यस्त माणूस मी होतो.

बी.ए. होऊन घरी बसलो होतो. (बसलो म्हणायचं, पण बसू कोण देतं?) पंगतीत वाढपी कमी पडला की मला बोलावणं. फोटोवाल्याला छत्री धरणारा हवा असला की मला हाक. गणपतीच्या नाटकात शिपाई ऐनवेळी तापाने फणफणला, त्याचा भाला माझ्या हातात. तिरडीला चौथा खांदा मिळेना, तरी दार आमचंच. या सगळ्या कामांना पात्रता एकच लागे: आत्ता मोकळा असणं. त्यात माझा हात धरणारा तालुक्यात नव्हता.

हिवाळ्यात तर माझा हंगामच. तेव्हा कापूस सरकारी केंद्रावर घालावा लागे आणि केंद्रासमोर बैलगाड्यांची रांग दोन-दोन दिवस हलत नसे. गाडीवाल्याला अंघोळीला, जेवायला जायचं असलं की गाडीवर बसायला माणूस लागे. रांग सरकली आणि गाडी नाही सरकली, तर मागचे पुढे जात आणि नंबर गेला. मी किती तरी गाड्यांवर बसलो होतो. सुदैवाने मी बसलो असताना रांग एकदाही सरकली नव्हती.

त्या दिवशी ताईला बघायला पाहुणे येणार होते. पाहुणे म्हणजे मुलाचे वडील एकटेच. आधी त्यांनी घर बघायचं, मग पुढचं. दोन स्थळं हातची गेली होती, त्यामुळे आई सकाळपासून कोणाशी धड बोलत नव्हती. मला तिने जिलेबी आणायला पिटाळलं.

"गरम आणजो. अन् मधातच कोणाचं काम नको धरू."

जिलेबी घेऊन परत येताना रांगेतल्या एका गाडीवरून हाक आली. पांढरी टोपी, पांढरं धोतर, वयस्कर माणूस.

"काऊन रे बापू, मोकळा आहे काय?"

हा प्रश्न मला कोणी विचारला आणि मी 'नाही' म्हटलं, असं आजवर झालेलं नाही.

"घंटाभर बस गाडीवर. मले गावात एका घरी पोरगी पाहाले जा लागते. कापूस अन् पोरगी, एका खेपेत दोन्ही कामं. रांग सरकली तर बैल जुपजो. पांढरा डाव्या अंगाले, तांबडा उजव्या. येते ना जुपता?"

"येते ना."

(एकाच दिवशी सेलूत दोन-दोन मुली दाखवल्या जाताहेत, याचं मला कौतुकही वाटलं.)

कापसाच्या गाडीवर बसलेला माणूस आडवा होतोच. आडवा झालो, पोटावर पुडा. एक जिलेबी निव्वळ गरम आहे का ते बघायला खाल्ली.

तिकडे आमच्या घरी पाहुण्यांचा चहा झाला, पोहे झाले. ते उठले की बाबा हात धरून बसवत. "बसा ना! पोरगं जिलेबी आणाले गेलं, आताच येते." असं तीनदा झालं. जिलेबी येईना म्हणून पाहुणे सुटेनात, आणि पाहुणे सुटेनात म्हणून मी गाडीवर.

आणि रांग सरकली.

"ओ भाऊ, गाडी घे ना समोर," मागच्या गाडीचा धुरकरी ओरडला. "का मी जुपून देऊ?"

"येते मले," मी म्हणालो. माझ्या आयुष्यातले सगळे अपघात या दोन शब्दांनी सुरू झाले आहेत.

चाकाला बांधलेले बैल सोडले. जू उचललं आणि त्यांच्यासमोर तोंडाकडे तोंड करून उभा राहिलो. पांढरा डावीकडे, तांबडा उजवीकडे. अगदी सांगितल्याप्रमाणे, फक्त डावी-उजवी माझी होती.

बैलांनी एकमेकांकडे पाहिलं. जन्मभर ज्या अंगाला चालले त्याच्या उलट्या अंगाला त्यांना कोणी जुंपलं नव्हतं. थोडा वेळ त्यांनी रेटारेटी केली, मग ही जागा आपली नव्हे यावर एकमत होऊन गाडी रांगेबाहेर काढली आणि आपल्या गावचा रस्ता धरला. मी कासरा ओढला, विनवण्या केल्या. बैल उधळले असते तर निदान अब्रू राहिली असती. ते सावकाश निघाले होते. बाजूने चालणाऱ्या एका म्हातारीने विचारलं, "काऊन रे, कापूस न इकताच चालला?"

"बैल चालले, आजी. मी फक्त वर आहो."

त्यांच्या गावचा रस्ता आमच्या दारावरून जात होता. ओसरीवर पाहुणे चौथ्यांदा निरोप घेत होते. त्यांनी आधी बैल ओळखले, मग गाडी, मग मला. जिभेने टक् केलं, बैल थांबले.

बाबांनी माझ्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं. तेही निभावलं असतं, पण आई बाहेर आली.

"मधू, जिलेबी कुठी आहे?"

माझ्या हातात रिकामा पुडा होता.

"हा पोरीचा भाऊ?" पाहुण्यांनी, म्हणजे किसनरावांनी विचारलं. बाबांनी मान खाली घातली. दारामागे ताईच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

किसनराव बैलांच्या जागा बदलत म्हणाले, "डावं-उजवं बैलाच्या मांग उभं राहून पाह्यतेत, बापा. चाल, बस."

आम्ही रांगेच्या शेवटी गेलो. पुन्हा दोन दिवस. माझ्यावर गाडी सोडायची त्यांची छाती नव्हती आणि पळून जायची माझी. चारही वेळा ताईच्या हातचा डबा आला. चौथा त्यांनी बोट फिरवून पुसला. कापूस घालून ते थेट आमच्या ओसरीवर आले.

"पोरगी पसंत आहे. पोरगं कामाचं नाई. पण बस म्हटलं का बसते."

लग्नानंतर ताईकडूनही निकडीचे निरोप येऊ लागले. एकदा धाकट्या भाच्याला शाळेत सोडायचं होतं. मी त्याच्यासमोर उकिडवा बसून घाईघाईने बूट चढवले. पोरगं दोन पावलं चाललं आणि थांबून पायांकडे बघायला लागलं.

ओट्यावरून किसनराव शांतपणे म्हणाले, "मधू, मांग जाऊन उभा राय."