वहिनीच्या हातातला तरवा

गाड्या बंद करा असं त्यांना कुणीच सांगितलं नाही. मीसुद्धा नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर मुंबईच्या एका गुंतवणूक कंपनीची माणसं आमच्या गावच्या शाळेत आली होती. आमचं गाव म्हणे ‘कमी कार्बनचं गाव’ करायचं! साहेब तासभर धुराचे तोटे सांगत होते आणि पटांगणाबाहेर त्यांच्या चार गाड्या तासभर चालू होत्या. कशाला, तर परत बसताना आत गार लागावं!

आमच्याकडे पावसाआधी भाजावळ करतात. भाताचं रोप, म्हणजे तरवा, जिथे काढायचा तेवढ्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, गवत पसरून पेटवायचं. तण मरतं, तरवा जोमाने येतो आणि लावणीला उपटताना मुळासकट सुटतो. साहेबांना त्यात फक्त धूर दिसला. यंदा भाजणार नाही, असं सगळ्यांनी लिहून द्यायचं होतं.

मी रत्नागिरीत मास्तरकी केलेली, म्हणून कागद वाचून दाखवायला मलाच पुढे केलं. दादा गेल्यापासून शेती एकट्या वहिनीच्या अंगावर. तिने विचारलं, “भावोजी, न भाजता तरवा येईल काय हो?”

“येईल की,” मी म्हणालो. “शिकलेली माणसं आहेत ती. करून बघायला काय जातं?”

काय जातं! जीभ का नाही झडली माझी!

वाडीतल्या बाकीच्यांनी सह्या केल्या आणि नेहमीसारखं गुपचूप भाजलं. माझ्या भरवशावर सही करून शब्द पाळला तो एकट्या वहिनीने. पावसात तिचा तरवा पिवळा पडला, तणात बुडाला, उपटायला गेलं की हातात तुटायचा. वर्षाचा तांदूळ त्या तुकड्यावर अवलंबून होता. आजवर दुसऱ्यांना तरवा देणारी ही बाई घरोघर मागत फिरली. लोकांची लावणी उरकल्यावर उरलासुरला मिळाला, तोही जून झालेला. अर्धं शेत तसंच पडून राहिलं.

त्याच दिवसांत कंपनीचा फोटोवाला येऊन गेला.

दिवाळीनंतर कंपनीचा अहवाल आला. गुळगुळीत कागद, आणि मुखपृष्ठावर वहिनी, दोन्ही हातांत हिरवागार तरवा. माझं डोकंच फिरलं. फोन लावून सगळं सांगितलं, तर पलीकडची बाई गोड आवाजात म्हणते, “पण सर, फोटो किती छान आलाय!” छान! डोंबल तुमचं!

अहवाल घेऊन मी रत्नागिरीहून गावी गेलो. वहिनीने हात पुसले, फोटो उजेडात धरून बघितला.

“हा तर शेजारच्या काकींचा तरवा,” ती म्हणाली. “भाजावळीतला. आणि खाली काय लिहिलंय हो?”

मी खिशात चष्मा चाचपू लागलो.

“वाचा ना भावोजी. तेव्हा वाचलं होतंत ना?”

मी वाचलं, “न भाजता फुललेली समृद्धी.”

तिने अहवाल माझ्या हातात दिला, सूप ओढलं आणि रेशनचा तांदूळ निवडायला बसली.