दोन्या ओफेलियांची दुसरी जेली

आमच्या शिकागोच्या गल्लीत दोन्या ओफेलिया, म्हणजे स्पॅनिशमध्ये ओफेलियाबाई, घरी दुधाची जेली करून विकतात. व्यापारी मंडळाने छोट्या धंद्यांना माल पोचवायला बॅटरीची मालवाहू सायकल महिनाभर फुकट दिली, तेव्हा त्या म्हणाल्या, "फुकट कोण देतं? नंतर वसूल करतील."

तरी शनिवारी बाप्तिस्म्याच्या समारंभाची तीन थरांची जेली त्यांनी त्याच सायकलवरून चर्चमध्ये पाठवायचं ठरवलं. तडा गेला असता तर ते गिऱ्हाईक कायमचं तुटलं असतं. दोन्यांनी गुपचूप तशीच दुसरी जेली केली, स्वतःच्या व्हॅनमध्ये ठेवली, मला शेजारी बसवलं आणि मंडळाची सायकल चालवणाऱ्या नायेलीच्या मागे निघाल्या.

"बघ, आता खड्ड्यात घालेल ही पोरगी," असं म्हणत तिच्याकडे बघता बघता दोन्यांनी व्हॅनच खड्ड्यात घातली.

चर्चपाशी व्हॅन लावायला जागा मिळेना. आत गेलो तेव्हा नायेलीने आणलेली जेली टेबलावर अख्खी डुलत होती. व्हॅनमधली मधोमध दुभंगली होती.

"दोन्या, तुम्ही कशाला आलात?" नायेलीने विचारलं.

"चर्चमध्ये यायला तुझी परवानगी लागते का?" दोन्या म्हणाल्या. मग जेलीभोवती एक फेरी मारून त्यांनी सगळ्या बाजू तपासल्या. "पुढच्या शनिवारी नऊला ये. आणि सायकलच्या पेटीत जेलीखाली माझंच फडकं घाल, तुमच्या मंडळाचं नको."